भूमध्यसमुद्राच्या कांठीं निखाऱ्यावर भाजलेला मासा

कोणत्याहि देशाचें अन्न पाहिलें कीं त्या देशाची भूमि, हवा आणि पाणी हीं तिन्ही त्यांत उमटलेलीं दिसतात. पुष्कळ मसाले कुटून, वाटून, परतून केलेल्या पदार्थांत ही ओळख कधीं कधीं झांकली जाते; परंतु जेथें चारपांच जिनसांवरच सर्व भागवावयाचें असतें तेथें ती लपूं शकत नाहीं. भूमध्यसमुद्राच्या कांठचे लोक अखंड मासा निखाऱ्यावर भाजून त्यावर जैतुनाचें तेल, लिंबाचा रस आणि डोंगरावरील सुगंधी पाला एवढेंच घालून खातात. स्पेनपासून लेबनॉनपर्यंत व डाल्मेशियापासून मोरोक्कोपर्यंत, कोळ्यांच्या घरीं आणि बंदरांवरील खाणावळींत, हा पदार्थ होतो. साहित्य इतकें थोडें असूनहि तो नीट साधणें सोपें नाहीं, आणि बिघडला तर तें झांकण्यास हातीं कांहींच नसतें. असें कां व्हावें, प्रत्येक जिनसेचें त्यांत काय काम आहे, आणि हा साधा पदार्थ शेवटीं कशाच्या आधारावर उभा आहे, हें आमच्या वाचकांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे. विज्ञानाच्या तासाला शिकलेले कांहीं नियम चुलीपाशीं कसे खरे ठरतात, हेंहि विद्यार्थ्यांस ह्यावरून दिसून येईल.

प्रथम ह्या रीतीचें वय पाहूं. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत सिसिली बेटांतील गेला नगरीं आर्केस्ट्राटस नांवाचा एक ग्रीक कवि होऊन गेला. कोणत्या बंदरांत कोणता मासा उत्तम मिळतो आणि तो कसा शिजवावा, ह्या विषयावर त्यानें एक काव्य रचिलें. मूळ काव्य आज समग्र उपलब्ध नाहीं, परंतु इ. स. २०० च्या सुमारास अथेनियस नांवाच्या लेखकानें त्यांतील बरेच उतारे आपल्या ग्रंथांत घेतले, म्हणून तेवढे शिल्लक राहिले. आर्केस्ट्राटसचें सांगणें थोडक्यांत असें कीं, मासा उत्तम असेल तर त्यावर चीज, सिरका आणि उग्र मसाले ह्यांचा मारा करणाऱ्या आचाऱ्यास जवळ येऊं देऊं नये. सिराक्यूज नगरच्या आचाऱ्यांवर त्याचा ह्याच कारणानें रोष होता. एका जातीच्या माशाविषयीं तो सांगतो कीं, त्यास थोड्या मरव्यासह अंजिराच्या पानांत गुंडाळावें, दोऱ्यानें बांधावें आणि गरम राखेंत ठेवावें. अधिक कांहीं करूं नये. तेवीसशें वर्षांपूर्वींचा हा उपदेश त्या किनाऱ्यावर आजहि पाळला जातो.

दुसरा दाखला आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायांत, रात्रभर जाळीं टाकून दमलेले शिष्य सकाळीं तिबिर्याच्या समुद्राच्या कांठीं उतरतात, तेव्हां तेथें कोळशाचा विस्तव, त्यावर घातलेली मासळी आणि भाकर त्यांच्या दृष्टीस पडते. तिबिर्याचा समुद्र म्हणजे गालीलचें सरोवर. त्याचें पाणी गोडें आहे, व भूमध्यसमुद्रापासून तें फार दूर नाहीं. तेथें कोणत्याहि मसाल्याचा उल्लेख नाहीं. विस्तव, मासा आणि भाकर, एवढीच ती न्याहारी. कोळ्याच्या हातीं जें जागच्या जागीं असतें तेवढ्यांतूनच ही रीत जन्मली, हें ह्या दोन्ही दाखल्यांवरून ध्यानांत येतें.

आतां माशाकडे वळूं. ह्या कामास तेथें मुख्यतः दोन जातींचे मासे घेतात. पहिल्यास इटलींत ओराता, ग्रीसमध्यें त्सिपूरा आणि तुर्कस्तानांत चिपुरा म्हणतात. हा अंगानें रुंद व चपटा असून त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्यें सोनेरी पट्टा असतो. ओराता ह्या नांवाचा अर्थच मुळीं सोनेरी असा आहे. दुसरा मासा लांबट व रुपेरी. त्यास ग्रीसमध्यें लव्राकी व तुर्कस्तानांत लेव्रेक म्हणतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तर त्यास लांडगा असेंच नांव आहे, कारण तो मोठा अधाशी शिकारी आहे. एका माणसाच्या जेवणास ३०० ते ५०० ग्रॅम वजनाचा एक मासा पुरतो. त्याहून लहान असे तांबूस मुल्लेट आणि तारली जातीचे सार्डिन मासेहि असेच भाजले जातात.

मासा तुकडे न करतां अखंड भाजण्यास सबळ कारण आहे. जमिनीवरील प्राण्यांस स्वतःचें ओझें पायांवर पेलावें लागतें; म्हणून त्यांच्या स्नायूंना बांधून ठेवणारे तंतु पुष्कळ आणि चिवट असतात. माशाचें ओझें पाणीच पेलतें. त्यामुळें त्याच्या मांसांतील बांधणी थोडी व नाजूक असते. ती सुमारें ५० ते ५५ अंश सेंटिग्रेड उष्णतेलाच विरघळूं लागते, आणि मांसाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. अशा माशाचा सोललेला तुकडा जाळीवर ठेवला तर उलटतांना त्याचा चुरा होऊन तो विस्तवांत पडावयाचा. अखंड माशाची गोष्ट निराळी. त्याची कातडी हें त्याचें वेष्टन आणि मधला कांटा हा त्याचा सांगाडा. ह्या दोहोंमध्यें मांस सुरक्षित राहतें. निखाऱ्याची प्रखर आंच कातडी सोसते, आणि आंतील मांस स्वतःच्याच रसाच्या वाफेंत हळू शिजतें. शिवाय कापलेली बाजू नसल्यानें रस वाहून जात नाहीं.

अखंड माशाचा आणखी एक गुण आहे, तो विकत घेणाऱ्याच्या उपयोगाचा. डोकें व कल्ले शाबूत असलेला मासा आपलें वय लपवूं शकत नाहीं. ताज्या माशाचे डोळे फुगीर व पारदर्शक असतात. शिळ्याचे खोल गेलेले आणि धुरकट. ताज्याचे कल्ले तांबडे भडक. शिळ्याचे तपकिरी व चिकट. बोटानें दाबलें असतां ताज्याचें मांस लागलीच वर येतें. शिळ्यावर खळगा तसाच राहतो. वासाचें म्हणाल तर ताज्या माशास समुद्राच्या पाण्याचा वास येतो, ज्यास आपण ‘मासळीचा वास’ म्हणतों तो येत नाहीं. तो वास कोठून येतो हें लिंबाच्या प्रकरणांत सांगूं.

मासा आणल्यावर त्याचे खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढावे, पोट चिरून आंतडीं काढावीं, कल्लेहि काढून टाकावे. कारण ते लवकर नासतात व कडू लागतात. पोटाच्या आंत, कण्याला लागून रक्ताची एक काळसर रेघ असते, ती नखानें किंवा चमच्यानें खरवडून धुवावी. नंतर मासा आंतून-बाहेरून स्वच्छ फडक्यानें अगदीं कोरडा करावा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते; परंतु साऱ्या कृतींत तिचें महत्त्व मोठें आहे. पाणी १०० अंशांवर तापत नाहीं. तें आटेपर्यंत आंच त्याची वाफ करण्यांतच खर्च होते. कातडी खमंग व तांबूस होण्यास त्याहून पुष्कळ अधिक, सुमारें १४० अंशांपुढची उष्णता लागते. म्हणून ओली कातडी उकडते, भाजत नाहीं; आणि उकडलेली कातडी जाळीस चिकटते.

आतां सुगंधी पाल्याविषयीं. भूमध्यसमुद्राच्या कांठीं पाऊस हिंवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील चुनखडीच्या उघड्या टेंकड्यांवर ओरेगानो, थाइम, रोझमेरी, सेज अशीं लहान झुडपें उगवतात. हीं सर्व आपल्या तुळशीच्या कुळांतील आहेत. मरवा, पुदिना आणि सब्जा हींहि त्याच कुळांतील होत. ओरेगानो म्हणजे तर मरव्याचा रानांत वाढलेला सख्खा भाऊच. ह्या झुडपांच्या पानांवर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथि असतात. उडून जाणारें हें सुगंधी तेल झाडाचें शस्त्र आहे. त्याच्या उग्रपणामुळें किडे व चरणारीं जनावरें झाडापासून दूर राहतात. ओरेगानो व थाइम ह्यांच्या तेलांत जें थायमॉल नांवाचें द्रव्य असतें तेंच आपल्या ओव्यांत असतें. म्हणून ह्या परदेशी पाल्याचा वास घेतांच मराठी माणसास ओव्याची आठवण व्हावी, ह्यांत नवल नाहीं. बडीशेपेचें झाडहि तेथें रानोमाळ माजतें. लॉरेल नांवाच्या झाडाचें पान दिसावयास तमालपत्रासारखें असतें व दोन्ही झाडें एकाच कुळांतील आहेत; परंतु तें तमालपत्र नव्हे, त्याचा स्वाद वेगळा.

हा पाला वापरण्याची रीत त्याच्या स्वभावाप्रमाणें ठरते. रोझमेरी, थाइम आणि लॉरेल ह्यांचीं पानें चिवट असून तेल हळूहळू सोडतात; त्यांच्या एकदोन काड्या व लिंबाच्या दोन चकत्या माशाच्या पोटांत ठेवतात. वाफेबरोबर त्यांचा सुगंध आंतल्या मांसांत उतरतो. ह्याच काड्या बाहेरून चिकटवल्या तर जळून कडू होतील. वाळलेला ओरेगानो मात्र शेवटीं, तेल व लिंबू ह्यांच्या मिश्रणांत चुरडून घालतात. तो वाळल्यानें त्याचा स्वाद कमी न होतां अधिक एकवटतो. पार्सली नांवाचा कोंवळा पाला उष्णता सोसत नाहीं. तो बारीक चिरून कच्चाच घालतात. प्रमाण सर्वत्र थोडें असावें. पाल्यानें माशाची चव खुलावी, ती बुडूं नये. येथें एक इशारा दिला पाहिजे. त्या किनाऱ्यावर कण्हेरहि पुष्कळ वाढते. तिच्या सरळ काड्या मासा टोंचण्यास सोयीच्या दिसल्या तरी कण्हेर सर्वांगीं विषारी आहे. तिची काडी अन्नास लावूं नये आणि तिचें लांकूड चुलींतहि घालूं नये.

तिसरी गोष्ट विस्तवाची. नवशिके ज्वाळेवर भाजूं पाहतात व फसतात. लांकडाची ज्वाळा म्हणजे जळणारा वायु. तिच्यांत काजळी असते आणि तिची आंच क्षणांत वाढते, क्षणांत कमी होते. कोळशांतून पाणी व बहुतेक वायु आधींच निघून गेलेले असतात; म्हणून तो ज्वाळेवांचून, धुराशिवाय फुलतो. त्याची आंच मुख्यतः किरणांच्या रूपानें वर येते, सूर्याची येते तशी. कोळसा पेटविल्यापासून साधारण अर्ध्या तासानें त्यावर पांढरट राखेचा पातळ थर येतो. तीच वेळ साधावी. जाळीच्या उंचीवर तळहात धरला असतां तीनचार सेकंदांत काढून घ्यावासा वाटला, तर आंच बेताची आहे असें समजावें. विद्यार्थ्यांनीं हा अनुभव वडील माणसें जवळ असतांनाच घ्यावा. कोळसा बंद खोलींत कधींहि पेटवूं नये. त्याचा विषारी वायु दिसत नाहीं, त्याला वासहि नसतो, आणि तो प्राण घेतो.

आतां प्रत्यक्ष कृति. कोरड्या माशाच्या दोन्ही अंगांवर जाड भागीं दोनतीन तिरप्या चिरा द्याव्या. कातडी तापली कीं आखडते. चिरा नसतील तर मासा वांकडा होतो आणि कातडी फाटते. चिरांमुळें जाड भागांत आंचहि लवकर पोहोंचते. मग आंतबाहेर मीठ चोळावें, पोटांत पाल्याची काडी व लिंबाच्या चकत्या घालाव्या, आणि बाहेरून तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. तेल जास्त झालें तर तें निखाऱ्यावर ठिबकून ज्वाळा उठते, आणि त्या धुराची काजळी अन्नावर बसते. ती चवीला वाईट व प्रकृतीलाहि अपायकारक. जाळी स्वच्छ घांसून आधीं चांगली तापवावी, आणि मगच मासा तिच्यावर आडवा ठेवावा. थंड लोखंडावर ठेविलेल्या माशाचीं प्रथिनें धातूला घट्ट धरतात. तापलेल्या जाळीवर तीं तत्काळ गोठतात व पुढें कातडी खमंग झाली कीं आपण होऊन सुटतात. म्हणून मासा ठेवल्यावर हलवूं नये. पांच मिनिटांनीं कड उचलून पाहावी. सहज सुटली तर उलटावा, न सुटली तर थांबावें. त्या प्रांतीं दोन पाखांची तारेची जाळीहि वापरतात. तिच्यांत मासा दाबून धरला कीं उलटणें सोपें जातें.

किती वेळ भाजावा? माशाच्या जाड भागाची जाडी मोजावी व दर इंचास सुमारें १० मिनिटें धरावीं. म्हणजे ४०० ग्रॅमच्या माशास दर बाजूस सहा ते आठ मिनिटें पुरतात. परंतु घड्याळापेक्षां मासाच अधिक चांगलें सांगतो. जाड भागीं चाकूचें टोंक कण्यापर्यंत घालून पाहावें. मांस कांचेसारखें न दिसतां दुधासारखें पांढरें झालें असेल आणि कांट्यापासून हलकेंच सुटत असेल तर मासा झाला. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान तो सर्वांत रसाळ असतो. त्यापुढें प्रथिनें आवळत जाऊन पाणी पिळून निघतें आणि मांस कोरडें व भुसभुशीत होतें. अमेरिकेच्या शासकीय आरोग्यनियमांत माशासाठीं ६३ अंशांची मर्यादा सांगितली आहे. घरांत लहान मुलें, वृद्ध किंवा आजारी माणसें असतील तर ती पाळणेंच शहाणपणाचें होय.

शेवटीं लिंबू. तेथील लिंबू आपल्या कागदी लिंबाहून मोठें, पिवळें व जाड सालीचें असतें. आज भूमध्यसमुद्राचा किनारा आणि लिंबाच्या बागा हीं एकमेकांपासून वेगळीं कल्पितां येत नाहींत. परंतु आर्केस्ट्राटसच्या काळीं ग्रीक लोकांच्या स्वयंपाकांत लिंबू मुळींच नव्हतें. त्याच्या कुळांतील महाळुंग तेवढें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीकांच्या ग्रंथांत वर्णिलेलें आढळतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनाप्रमाणें लिंबाच्या साऱ्या कुळाचें मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशीं, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान ह्या टापूंत आहे. महाळुंग व आंबट नारिंग ह्यांच्या संकरापासून हें पिवळें लिंबू झालें. रोमन लोकांच्या काळीं तें केवळ श्रीमंतांच्या बागेंतील दुर्मिळ फळ होतें. त्याची लागवड त्या किनाऱ्यावर सर्वत्र पसरली ती अरब लोकांमुळें, दहाव्या शतकाच्या सुमारास. अरबी ‘लैमून’, फारसी ‘लीमू’ आणि आपलें ‘लिंबू’ हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत, हें कोणाच्याहि कानास कळेल. ज्यास आपण परक्या देशाची रीत म्हणतों तिच्यांत आपल्याच बाजूचें फळ जाऊन बसलें आहे.

लिंबाचें काम केवळ आंबटपणाचें नाहीं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत शरीराचा तोल राखण्यासाठीं माशाच्या मांसांत एक निर्गंध द्रव्य असतें. मासा मेल्यावर सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर ट्रायमेथिलअमाइन नांवाच्या द्रव्यांत करतात. हवेंत उडणारें हें द्रव्य म्हणजेच तो ‘मासळीचा वास’. हें द्रव्य अल्कधर्मी आहे. लिंबाच्या अम्लाशीं त्याचा संयोग झाला कीं न उडणारें लवण तयार होतें, आणि वास नाकापर्यंत पोहोंचत नाहीं. अम्ल आणि अल्कली ह्यांचा हा प्रयोग शाळेंतील परीक्षानळींत होतो तसाच ताटांतहि होतो. मात्र एवढें ध्यानांत ठेवावें कीं लिंबानें वास बांधला जातो, मासा ताजा होत नाहीं. नासलेला मासा लिंबू पिळून खाणें धोक्याचेंच. तसेंच लिंबाचा रस भाजण्याच्या पुष्कळ आधीं चोळून ठेवूं नये. अम्लानेंहि प्रथिनें गोठतात, आणि माशाचा वरचा थर विस्तवावर जाण्यापूर्वींच पांढरा व पिठूळ होतो. रस ताटांत पिळावा, हाच नियम.

ह्या एकाच रीतीस किनाऱ्या-किनाऱ्यावर निरनिराळे वळसे मिळाले आहेत. ग्रीसमध्यें दोन-तीन भाग तेल व एक भाग लिंबाचा रस घुसळून दाटसर करतात, त्यांत ओरेगानो घालतात व भाजलेल्या माशावर ओततात. त्यास ‘लादोलेमोनो’, म्हणजे तेल-लिंबू, एवढेंच साधें नांव आहे. सिसिलींत त्याच मिश्रणांत लसूण व थोडें गरम पाणी घालतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतांत बडीशेपेच्या वाळलेल्या दांड्यांवर मासा भाजतात, म्हणजे धुरालाच स्वाद येतो. डाल्मेशियांत रोझमेरीची फांदी तेलांत बुडवून तिनेंच माशावर तेल फिरवतात. स्पेनच्या मालागा शहराच्या वाळवंटावर सार्डिन मासे वेताच्या चपट्या काडीवर ओंवून ती काडी विस्तवाशेजारीं वाळूंत रोंवतात. आणि पुष्कळदां तो विस्तव वाळूनें भरलेल्या जुन्या होडींत पेटविलेला असतो. लेबनॉनमध्यें तिळाच्या वाटणांत लिंबू कालवून तें माशाबरोबर देतात. मोरोक्कोंत कोथिंबीर, लसूण, जिरें, तेल व लिंबू ह्यांचें वाटण लावतात. तें आमच्या वाचकांस सर्वांत जवळचें वाटेल. असे वळसे अनेक आहेत, पण कोठेंहि माशाची चव बुडविलेली नाहीं.

येथवर आलों म्हणजे आरंभीं विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हा पदार्थ आचाऱ्याच्या कौशल्यावर थोडा आणि माशाच्या ताजेपणावर फार अवलंबून आहे. आणि ताजा मासा अवलंबून आहे समुद्रावर. त्या समुद्राची आजची स्थिति समाधानकारक नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालांत, भूमध्यसमुद्र व काळा समुद्र ह्यांतील माशांच्या ज्या साठ्यांची तपासणी झाली त्यांपैकीं ५८ टक्के साठ्यांवर पेलवणार नाहीं इतकी मासेमारी होत असल्याचें नमूद आहे. पूर्वींच्या मानानें हा आंकडा उतरला आहे, एवढीच आशेची गोष्ट. १९८० नंतर ओराता व लव्राकी हे दोन्ही मासे समुद्रांतल्या पिंजऱ्यांत पाळण्याचा धंदा वाढला, आणि तुर्कस्तान व ग्रीस हे देश त्यांत आघाडीवर आहेत; आज खाणावळींत जो मासा ताटांत येतो तो पुष्कळदां असा पाळलेलाच असतो. त्यामुळें रानटी माशांवरील भार कांहींसा हलका होतो. परंतु पिंजऱ्यांतील माशांच्या खाद्यांत समुद्रांतून पकडलेल्या लहान मासळीचें पीठ असतेंच, तेव्हां समुद्राची उधारी सर्वस्वी फिटत नाहीं.

ह्यासंबंधीं ओराता माशाची एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा मासा वयांत येतो तेव्हां नर असतो, आणि पुढें, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, त्यांपैकीं पुष्कळांची मादी होते. म्हणजे लहान ओराता बहुधा नर, आणि अंडीं घालणारी मादी अंगानें मोठी. लहानच मासे पकडत गेलें तर आया होण्यापूर्वींच त्या ताटांत येतात; आणि मोठेच तेवढे वेंचून काढले तर असलेल्या आया नाहींशा होतात. युरोपीय संघानें भूमध्यसमुद्रांत ओरात्यासाठीं २० व लव्राकीसाठीं २५ सेंटिमीटर अशी किमान लांबी ठरविली आहे. तिच्याहून लहान मासा पकडून विकतां येत नाहीं. आपल्या महाराष्ट्र शासनानेंहि २०२३ सालीं अनेक जातींच्या माशांसाठीं अशी किमान लांबी ठरवून दिली. कायदा बंदरापर्यंत येतो. बाजारांतून घरापर्यंतचा रस्ता मात्र गिऱ्हाइकाच्या हातीं असतो. बोटाएवढीं पिलें टोपलींत स्वस्त दिसलीं तरी तीं न घेणारें गिऱ्हाईक असेल, तर तीं पकडणाराहि दोनदां विचार करील.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण सुटीच्या दिवशीं वडिलांबरोबर किंवा आईबरोबर बाजारांत जातात. त्यांनीं ह्यापुढें टोपलीपाशीं उभें राहून माशाचे डोळे व कल्ले पाहावे, आणि त्याबरोबर त्याची लांबीहि पाहावी. पहिल्या दोहोंवरून मासा ताजा आहे कीं नाहीं तें कळेल. तिसरीवरून पुढच्या वर्षीं तो मिळेल कीं नाहीं ह्याचा अंदाज येईल. पालकांनीं मुलांच्या ह्या चौकशीचा कंटाळा करूं नये. तिबिर्याच्या कांठावरील त्या न्याहारीस विस्तव, मासा आणि भाकर एवढेंच लागलें. परंतु त्यांतील मासा समुद्रांत असावा लागतो, आणि तो तेथें राहूं देणें हें खाणाराचेंच काम आहे.